दोन तिकिटांच्या मधोमध

खिडकीवरच्या बाईंनी दोन्ही तिकिटं शेजारी शेजारी ठेवली, आधी एका कागदावरून आणि मग दुसऱ्या कागदावरून बोट फिरवलं, आणि विचारलं, “ही अशी वेगवेगळी कुणी काढली?”

“मीच काढायला लावली,” आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात किंचित अभिमान होता. “मध्ये भरपूर वेळ राहावा म्हणून. लहान मूल बरोबर आहे. धावपळ नको.”

“वेळ भरपूरच आहे काका,” बाई म्हणाल्या. “सगळा घोळ त्याचाच झालाय.”

आबांच्या कोपराला लोंबकळत त्यांची नात उभी होती. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं. घरी तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. वय आठ. आबा तिला तिच्या आईवडिलांकडे पोचवायला निघाले होते. पहिलं विमान सकाळी वेळेवर उतरलं होतं, दुसरं उद्या सकाळी सुटणार होतं, आणि त्या दोहोंमधला सबंध दिवस आणि सबंध रात्र आबांनी मुद्दाम मागून घेतली होती.

त्यांचं आयुष्य बसच्या डेपोत वेळापत्रकं लावण्यात गेलं होतं. एक गाडी येते, दुसरी तिथून पुढे सुटते. मधलं अंतर तुटपुंजं ठेवलं की पहिल्या गाडीचं चाक वाटेत बसतं आणि माणसं फलाटावर राहतात. म्हणून आबा मधलं अंतर सढळ हातानं ठेवत. प्रवासी कंटाळत, बाकावर पेंगत, डेपोच्या नावानं बोटं मोडत. पण पुढची गाडी कुणाची चुकली नाही. हाताखालचे लोक त्यांना पाठीमागे ‘बसा जरा’ म्हणत. आबांना ते माहीत होतं, आणि त्यांना त्याचं वाईटही वाटत नसे.

लेकीनं पाठवलं होतं ते एकच सरळ तिकीट होतं, मध्ये दोन तासांचा थांबा. ते आबांनी तिकीटवाल्याकडे नेऊन बदलून घेतलं.

“अहो आबा, राहू द्या हेच,” तिकीटवाला म्हणाला होता. “एका कंपनीचं आहे. सामान आपलं आपण पुढे जातं. आणि पहिल्या विमानाला उशीर झाला, तर पुढचं बघायची जबाबदारी त्यांची.”

“दोन तासांत हिचं बाथरूम आणि बुटाची नाडी, एवढंच होतं,” आबांनी सांगितलं होतं. “तू मोठा थांबा दे.”

“एवढा मोठा थांबा एका तिकिटात नाही मिळत. दोन कंपन्यांची दोन काढावी लागतील.”

“मग दोन काढ.”

तिकीटवाल्यानं काढली. घरच्या विमानतळावर पहिल्या कंपनीच्या मुलीनं ‘पुढचं तिकीट आहे ना?’ एवढंच विचारलं. आबांनी ते दाखवलं. त्यावरची तारीख पाहायचं तिच्याही ध्यानात आलं नाही.

आता ती तारीख खिडकीवरच्या बाईंच्या बोटाखाली होती. त्या काही तिरसट नव्हत्या. समोरच्याला कळेपर्यंत सांगायची त्यांची तयारी दिसत होती, आणि आबांना तेच जास्त जड जात होतं. आरडाओरडा करणाऱ्या माणसाशी वाद तरी घालता येतो.

“असं बघा,” त्या म्हणाल्या. “एका तिकिटावरचा प्रवासी शेवटपर्यंत कंपनीचा असतो. दोन तिकिटांवरचा प्रवासी मध्ये कुणाचाच नसतो. पहिल्या कंपनीनं तुम्हाला इथं उतरवलं, तुमची बॅग बाहेरच्या पट्ट्यावर सोडली, त्यांचं काम संपलं. दुसऱ्या कंपनीचं काम अजून सुरूच झालेलं नाही. त्यांची खिडकी बाहेर आहे, कस्टमच्या पलीकडे. तिथं बॅग घेऊन जायचं, तेव्हा बोर्डिंग पास मिळणार.”

“मग जातो की बाहेर.”

“बाहेर म्हणजे या देशात. तुमच्याकडे परवाना नाही. तो घरून निघायच्या आधी काढतात. इथं नाही मिळत.”

“मग इथंच आत बसून राहतो. आम्हाला बसायची सवय आहे.”

“आत राहायला पुढचा बोर्डिंग पास लागतो. तोही आजच्या विमानाचा. उद्यावर थांबणाऱ्याला या हॉलमध्ये राहू देत नाहीत.”

आबा दोन्ही कागदांकडे बघत राहिले. भिंगरी मात्र भुवया आक्रसून हिशेब लावत होती.

“म्हणजे आत राहायला बाहेरचा कागद पाहिजे,” ती म्हणाली, “आणि बाहेर जायला घरचा कागद पाहिजे. हो ना?”

“शाबास. बरोबर समजलं तुला.”

“मग आत्ता आम्ही कुठं आहोत?”

बाईंनी भिंगरीचा पासपोर्ट उघडला. तो वेगळ्या रंगाचा होता, कारण तिचा जन्म तिकडचा, जिथं तिचे आईवडील राहत होते तिथला. त्यांनी त्याची पानं दोनदा मागंपुढं केली, मग फोन उचलून पाठ वळवून कुणाशी तरी बोलल्या.

“काका,” फोन ठेवून त्या म्हणाल्या, “तुम्हाला मात्र परत जावं लागेल. पहिली कंपनी आज संध्याकाळच्या विमानानं तुम्हाला नेईल. त्याला इलाज नाही. पण मुलीचं तसं नाही. हिच्या पासपोर्टला इथं परवाना लागत नाही. ही बाहेर जाऊ शकते. दुसऱ्या कंपनीचं एक विमान आज दुपारी आहे, त्यात जागा आहे. एकट्या मुलांना ते सोबत देतात. इथून हात धरतात, तिथं आईच्या हातात देतात. आईवडिलांनी होकार कळवला की झालं. किंवा ही तुमच्याबरोबर परत. तुम्ही ठरवा. पण लवकर ठरवा, दुपारच्या विमानाला फार वेळ नाही.”

‘परत’ हा शब्द ऐकल्याबरोबर आबांच्या छातीत काहीतरी सैल झालं. घट्ट बूट काढल्यावर पावलांना वाटतं तसं. त्यांनी ते कुणाला दिसू नये म्हणून चष्मा काढून पुसायला घेतला.

भिंगरीला लपवायचं काही कारण नव्हतं. “परत!” ती ओरडली. “आबा, परत जाऊ या! उद्या मधल्या सुट्टीच्या आत शाळेत!”

ती दोघं हॉलमध्ये जाऊन बसली. लांबच लांब हॉल होता, पण त्यात कुठं जायला नव्हतं. खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या, आणि प्रत्येक दोन खुर्च्यांच्या मध्ये लोखंडी हात, कुणी आडवं होऊ नये म्हणून. पाण्याचा नळ दाबून धरला तरच वाहायचा. सकाळी ज्या दारातून ते आत आले होते, त्याला या बाजूनं मूठच नव्हती; आबांनी जाऊन हात फिरवून पाहिलं, गुळगुळीत पत्रा. दुसऱ्या टोकाला छतापर्यंत काच होती. तिच्यातून खालचा मजला दिसे: सामानाचे फिरते पट्टे, त्यांच्या पुढे कस्टमची लांब टेबलं, आणि त्यांच्याही पुढे बाहेरची सरकती दारं. ती उघडली की एखादा उन्हाचा पट्टा आत यायचा आणि मिटली की नाहीसा व्हायचा. सगळं अगदी जवळ दिसत होतं. आवाज मात्र काहीच येत नव्हता.

भिंगरी नळाशी खेळायला पळाली. आबांनी लेकीला फोन लावला.

“बाबा! उतरलात? कसा झाला प्रवास? उलटी नाही ना झाली तिला?”

“नाही, छान झाला. तू बस आधी.”

“मला बसा म्हणू नका. काय झालंय?”

आबांनी सांगितलं. नीट, क्रमानं, खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं तसंच. पलीकडे दवाखान्यातली घंटी वाजत होती. लेक दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस होती आणि कामाच्या मधून बोलत होती. मग दार लावल्याचा आवाज आला आणि घंटी बंद झाली.

“मी पाठवलेलं तिकीट एकच होतं,” ती म्हणाली.

“त्यात दोनच तास होते.”

“लोक तेवढ्यात जातात, बाबा. रोज जातात. म्हातारीकोतारी जातात.”

“पहिल्या विमानाला उशीर झाला असता तर?”

“तर त्यांनी बघितलं असतं! म्हणून तर ते एक तिकीट होतं.” तिचा आवाज खाली आला. “एक अख्खा दिवस आणि एक रात्र. त्या खुर्च्यांवर. आठ वर्षांच्या पोरीला घेऊन. बाबा, एवढा वेळ कशाला हवा होता तुम्हाला?”

“हाताशी असलेला बरा.”

“कशाला?”

आबा काचेतून खाली बघू लागले. खाली पट्टा फिरत होता. त्याच्यावरून एक लाल बॅग गेली, एक खोकं गेलं, मग पुन्हा तीच लाल बॅग आली.

“सहा महिन्यांसाठी ठेवली होती मी तिला,” लेक म्हणाली.

ते खरं होतं. लेकीच्या मोठ्या आजारपणात भिंगरी दोन वर्षांची होती, तेव्हा जावयानं तिला आणून सोडलं. लेक बरी झाली. मग आबा म्हणाले, थोडी अंगानं भरू दे. मग म्हणाले, बालवाडीचं वर्ष पुरं होऊ दे. मग म्हणाले, पहिलीच्या मध्येच कुठं हलवता. मग हिवाळा नको, तिकडची थंडी बाधेल. प्रत्येक कारण चांगलं होतं. कुणालाही पटलं असतं. लेकीला पटलं होतं.

“तुम्ही तिला परत नेलंत,” लेक म्हणाली, “तर मी भांडणार नाही. शप्पथ. फक्त मग मला फोन करून कारण सांगू नका. कारणं तुमची नेहमीच चांगली असतात.”

“अगं, ती एकटी...”

“मी होकार पाठवून देते. द्यायचा की नाही ते तुम्ही बघा.” आणि तिनं फोन ठेवला.

मग आबांनी घरी फोन लावला. आजींचे गुडघे गेलेले, म्हणून त्या आल्या नव्हत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही ‘अगं बाई’ म्हटलं नाही, यावरूनच आबांना धास्ती वाटली.

“तुला काय वाटतं?” त्यांनी विचारलं.

“मला कशाला विचारताय? मी घेऊन या म्हणावं म्हणून?”

“तसं नाही...”

“तसंच आहे. मी काय आज ओळखते तुम्हाला?” आजी म्हणाल्या. “हे बघा, तिचं अंथरूण मी सकाळी धुऊन घातलं. निथळत होतं, आता वाळत आलंय. ते घडी करून कपाटात जाईल. आणायचं नाही तिला.”

“रडतेस का तू?”

“रडेन नाहीतर कपडे धुईन, तुम्हाला काय करायचंय? पोरीला नीट समजावून सांगा. तुम्हाला येतं ते.”

भिंगरी ओल्या बाह्यांनी परत आली. तिनं आबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि शेजारच्या खुर्चीत न बसता मधल्या लोखंडी हातावर बसली.

“आपण परत नाही जाणार,” ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली.

“मी जाणार. तू पुढे.”

“मी नाही जाणार.”

“बरं.”

“बरं काय बरं? तू म्हण ना, जावं लागेल म्हणून. मग मी रडते.”

“रड आधी. मग सांगतो.”

हे तिला अपेक्षित नव्हतं. ती थोडीशी रडली, पण कुणी ‘रडू नको’ म्हणत नसल्यामुळे तिचं त्यात फार लक्ष लागलं नाही. शेवटी तिनं आबांच्या सदऱ्याला नाक पुसलं.

“मी त्यांना ओळखत नाही,” ती म्हणाली.

“रोज तर बोलतेस.”

“ती फोनमधली आई. ती एवढीशी असते.” तिनं तळहात दाखवला. “बाहेरची केवढी आहे?”

आबांनी उभं राहून हात खांद्याला लावला. “इथपर्यंत. माझ्या खांद्याला लागते. चालताना डावा पाय थोडा ओढते, आजारपणापासून. तू बघत राहू नकोस त्याच्याकडे. पण दिसला तर घाबरू पण नकोस. हसली की तोंडावर हात धरते, लहानपणी दात पुढं होते म्हणून. आता नाहीत पुढं, तरी धरते.”

“मला माहीत नव्हतं.”

“फोनमध्ये नाही दिसत.”

“आणि बाबा?”

“तो उंच आहे. फार बोलत नाही. पण तू काही विचारलंस तर तो आधी विचार करतो आणि मग उत्तर देतो. तेवढा वेळ गप्प राहायचं. त्याला उत्तर येत नाही असं समजून दुसरा प्रश्न टाकायचा नाही, तू टाकतेस तसा.”

भिंगरीला हे मनापासून कठीण वाटलं. तिनं ते कबूल केलं.

“आणि मला रात्री भीती वाटली तर?”

आता इथं आबांना खोटं बोलणं सोपं होतं. आई जवळ घेईल, सगळं ठीक होईल, असं म्हटलं की झालं. पण मुलांना खोटा नकाशा देऊन रस्त्यावर सोडू नये, एवढं त्यांना कळत होतं.

“तर तिला कळणार नाही काय करायचं,” ते म्हणाले. “तिला सवय नाही. ती दिवा लावेल, पाणी देईल, गोष्ट सांगू का म्हणेल, आणि तुला ते काहीच नको असेल.”

“मला फक्त पाठीवर हात पाहिजे. गोल गोल नाही, सरळ.”

“ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे. तिला कुणी सांगितलंय?”

भिंगरी विचारात पडली. “कुणीच नाही.”

“मग?”

“मी सांगू?”

“तुझ्याशिवाय तिथं माहीतगार कोण आहे? ती तुझी आई आहे, पण आठ वर्षांच्या मुलीची आई व्हायची तिची पहिलीच वेळ. तिला पहिलीपासून शिकवायला लागेल. चिडायचं नाही. एकदा सांगून नाही कळलं तर पुन्हा सांगायचं.”

शिकवायचं म्हटल्यावर भिंगरी ताठ बसली. घरी ती उशांची शाळा भरवत असे आणि त्यातल्या निम्म्या उशा कायम बाकावर उभ्या असत. आता ती एकेक बोट दुमडत सांगू लागली: दूध गरम, पण साय नको. वेणी घालताना आधी सांगायचं, मग ओढायचं. ताप आला की कपाळावर पट्टी नको, तळपायावर. भिंगरी खोटं बोलत असली तर तिला तोंड धुवायला पाठवायचं नाही, तिथं ती आणखी खोटं तयार करते. आबा मान डोलवत राहिले. यातलं बरंचसं त्यांना सहा वर्षांत एकेक करून कळलं होतं, आणि आता ते एका दमात, त्यांच्याच डोळ्यांदेखत, दुसऱ्या कुणासाठी निघालं होतं.

मग त्यांनी तिला पुढचं समजावलं. खाली जायचं, पासपोर्ट दाखवायचा. पट्ट्यावरून आपली करडी बॅग घ्यायची. कस्टमवाले विचारतील, बॅगेत काय आहे. कपडे आहेत, पुस्तकं आहेत, आजीनं विणलेली शाल आहे. जे माहीत आहे ते सांगायचं, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. तिथं बावरायचं कारण नाही. ते सगळ्यांनाच विचारतात, आणि राजालाही विचारतील.

“राजा बॅग स्वतः ओढतो?”

“विमानतळावर सगळे ओढतात.”

आबांनी खिडकीवर जाऊन होकार कळवला, तेव्हा निळ्या कोटातली एक तरुण मुलगी आली. दुसऱ्या कंपनीची. तिच्या हातात गळ्यात अडकवायची एक पिशवी होती. तिच्यात भिंगरीचा पासपोर्ट जाणार होता. “ही का आमची पाहुणी?” तिनं विचारलं.

“मी पाहुणी नाही,” भिंगरी म्हणाली. “मी एका तिकिटावर आहे आता. मी कंपनीची आहे.”

निळ्या कोटातली मुलगी हसली. आबांनी पिशवी स्वतःच्या हातानं भिंगरीच्या गळ्यात घातली. मग काय करावं ते त्यांना सुचेना. बसच्या खिडकीशी उभं राहून माणूस काहीबाही बोलतो, पोचल्यावर कळव, डोकं बाहेर काढू नको. इथं खिडकी नव्हती. भिंगरीनंच त्यांच्या पोटाला मिठी मारली, चांगली दुखेल इतकी, आणि मग एकदम सोडली. ती पासपोर्ट तपासणाऱ्यांच्या रांगेकडे गेली. त्या रांगेपुढे जमिनीवर एक पिवळी रेघ होती. आबा रेघेशी थांबले, कारण एका शिपायानं हात आडवा केला.

ते काचेकडे धावले. धावले म्हणजे त्यांच्या वयाला जमेल तसे. कपाळ काचेला लावलं तेव्हा खाली त्या दोघी पट्ट्याजवळ पोचत होत्या.

करडी बॅग पट्ट्याशेजारी उतरवून ठेवलेली होती. सकाळपासून तिला कुणी न्यायला आलं नव्हतं म्हणून कुणीतरी ती बाजूला काढली असावी. निळ्या कोटातल्या मुलीनं ती टेबलावर चढवली. कस्टमवाला जाडजूड होता, त्यानं भिंगरीकडे वाकून काहीतरी विचारलं. भिंगरी बोलू लागली. तिचे दोन्ही हात हवेत होते. काय सांगत होती कोण जाणे. कपड्यांपासून सुरू करून ती आता आजीच्या शालीपर्यंत आली असावी, कारण तिनं खांद्यावरून काहीतरी ओढून घेतल्यासारखं केलं. कस्टमवाल्यानं मान हलवली आणि बॅगेकडे बोट दाखवलं. उघड.

आणि तेव्हा आबांना दोरी दिसली.

बॅगेची चेन जुनी होती, म्हणून निघताना त्यांनी तिला चहूबाजूंनी दोरी आवळली होती आणि डेपोत टपावरच्या सामानाला मारतात तशी गाठ मारली होती. ती गाठ ओढली की घट्ट होते. सोडवायची युक्ती आहे, पण ती माहीत हवी: आधी उलटं ढकलायचं, मग मधला पदर काढायचा. त्यांनी भिंगरीला राजाचं सांगितलं, पासपोर्टचं सांगितलं, आईच्या दातांचं सांगितलं. गाठीचं सांगायचं राहून गेलं.

भिंगरी गाठ ओढत होती. जितकी ओढेल तितकी ती आवळत होती. आबांनी काचेवर थाप मारली. “उलटी ढकल!” ते ओरडले. “ढकल आधी!” शेजारच्या खुर्चीवरचा एक प्रवासी दचकून उठला. त्यांनी दोन्ही हातांनी हवेत गाठ सोडवून दाखवली, पुन्हा दाखवली. खाली कुणी मान वर केली नाही. काच जाड होती. भिंगरीनं दात लावले. निळ्या कोटातल्या मुलीनं एक टोक धरून पाहिलं, नखाकडे पाहिलं आणि सोडून दिलं. मागं रांग वाढत होती. भिंगरीचे खांदे वर गेले. रडू आवरताना ती ते असेच वर नेते. आबांनी डोळे मिटले.

उघडले तेव्हा तिचे खांदे खाली आले होते. ती कस्टमवाल्याकडे बघत होती आणि दोन बोटं एकमेकांवर उघडझाप करून काहीतरी मागत होती.

त्यानं खणातून कात्री काढली. तो स्वतःच कापायला वाकला, पण तिनं हात पुढं केला, आणि त्यानं थोडा विचार करून कात्री तिच्या हातात दिली, मूठ तिच्याकडे करून. तिनं दोरी कापली. एकदा, दोनदा, सगळी दोरी सैल होऊन टेबलावर पडली.

आबांच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला. शेजारचा प्रवासी पुन्हा त्यांच्याकडे बघू लागला, म्हणून त्यांनी रुमाल काढला.

कस्टमवाल्यानं वरवर चाचपून पाहिलं आणि बॅग बंद करायची खूण केली. पण भिंगरीला ते मान्य नसावं. तिनं आतलं सामान बाहेर काढायला सुरुवात केली आणि दोन ढीग लावले. एका ढिगात आबांचे सदरे, लेंगे, दाढीचं सामान. दुसऱ्यात तिचं. रांगेतली माणसं पाय बदलत उभी होती. ती मुळीच घाई करत नव्हती. स्वेटरापाशी ती अडली. तो आबांचा होता, पण आजीनं तो तिला मोठेपणी होईल असं म्हटलं होतं. तिनं तो आबांच्या ढिगावर ठेवला, उचलला, आणि पुन्हा तिथंच ठेवला. मग आपला ढीग बॅगेत घातला आणि आबांचा एका प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून निळ्या कोटातल्या मुलीच्या हातात दिला.

त्या दोघी सरकत्या दारांकडे निघाल्या. भिंगरी बॅग स्वतः ओढत होती आणि मोकळ्या हातानं त्या मुलीला काहीतरी समजावून सांगत होती. दार उघडलं, ऊन आत आलं. तिनं वर पाहिलं नाही. वर कुणी उभं असेल हे तिला माहीतच नव्हतं. ते सांगायचंही आबांचं राहून गेलं होतं.

दुपारी त्यांना दुसऱ्या खोलीत नेलं. परत पाठवायच्या लोकांची खोली. तिला खिडकी नव्हती, एक दिवा आणि भिंतीला लावलेला बाक होता, आणि दाराशी एक पोरसवदा पहारेकरी. प्लॅस्टिकची पिशवी कुणीतरी आणून दिली. आबा ती मांडीवर घेऊन बसले. लेकीचा फोन आला: होकार पोचला, ती आणि जावई आतापासूनच निघतायत, उगाच उशीर नको म्हणून. आबांनी तिला भिंगरीचं सगळं सांगायचं ठरवलं होतं, दुधाचं, वेणीचं, तळपायाचं. पण त्यातलं काही सांगितलं नाही. ते भिंगरीचं काम होतं.

“तुम्ही विचारलंत ना, तुम्हाला वेळ कशाला हवा होता,” ते फक्त म्हणाले, आणि लेकीला ‘तुम्ही’ म्हणाल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही.

“राहू द्या बाबा.”

“मला तिच्याबरोबर आणखी एक दिवस हवा होता.”

मग लेक म्हणाली, “मला माहीत होतं ते.”

छतावरून एक विमान गेलं. बाक थरथरला. आबांनी मान वर केली, जणू छतातून काही दिसणार होतं.

“हे असेल का हो?” त्यांनी पहारेकऱ्याला विचारलं. “दुपारचं?”

पहारेकऱ्यानं कान दिला. “हे उतरतंय आजोबा. सुटणाऱ्याचा आवाज वेगळा असतो.”

“कसा वेगळा?”

“सुटणारं सुरुवातीलाच मोठं ओरडतं. मग लांब जातं.”

आबांनी पिशवी बाजूला ठेवली आणि ते ऐकत राहिले. एक गेलं, दुसरं गेलं. प्रत्येक वेळी ते पहारेकऱ्याकडे बघत आणि तो मान हलवून नाही म्हणे. मग एकाच्या वेळी त्यानं वर बोट केलं. आवाज वाढत गेला, खोलीभर झाला, आणि लांब जाऊ लागला. आबा उभे राहिले. जायला जागा नव्हती, पण बसून राहणं त्यांना बरं दिसेना.